पावणेचारचे ठोके

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी खुशाल ठेवू नये. मी वाद घालायला येणार नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्यावर हे गुजरलं ते माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान. आज ते आमच्याच घरी राहतात. शेवटचा भाग घडला तेव्हा माझी आई त्यांच्याबरोबर होती. दोघांनी मला वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, आणि दोघांचं सांगणं तंतोतंत जुळलं.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, कुत्री रडत नाहीत, दिवे जात नाहीत.

भर दुपार. लख्ख ऊन.

घड्याळात पावणेचार...

गावाबाहेर एक टेकडी आहे. टेकडी कसली, जमिनीला आलेलं टेंगूळच. दहा मिनिटांत वर, पाच मिनिटांत खाली. एका अंगाला पिठाची गिरणी, दुसऱ्या अंगाला शाळा, मागे बंद पडलेली दगडांची खाण. पायथ्याशी विहीर आणि विहिरीला लागून पंपाची खोली. माथ्यावर पाण्याची टाकी. दुपारी विहिरीतलं पाणी टाकीत चढवायचं आणि संध्याकाळी ते गावाला सोडायचं, हे काकांचं काम होतं.

खरं तर काका आणि मावशी, दोघांचं.

कारण टाकी भरली की नाही हे खालून दिसायचं नाही. कोणीतरी वर जाऊन, शिडी चढून, झाकण उघडून आत बघायला हवं. आणि कोणीतरी खाली मोटारीपाशी हवं. तेव्हा फोन कोणाच्या खिशात नव्हते. ओरडलं तर आवाज वाऱ्यावर जायचा, उरलासुरला गिरणी खायची. पण विहिरीपासून टाकीपर्यंत एक जाडजूड लोखंडी पाइप होता. उघडाच, दगडांच्या टेकूंवरून वर गेलेला, शेवटी शिडीच्या कडेने टाकीवर चढलेला. वरच्या टोकाला पान्याने ठोका मारला की खालच्या टोकाला असा ऐकू यायचा, जणू कोणी शेजारी बसून वाजवलाय.

यांनी त्याचीच भाषा केली.

वरून दोन ठोके, टाकी अर्धी झाली. तीन ठोके, टाकी भरली, मोटार बंद करा. आणि प्रत्येक खुणेला समोरच्याने एक ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे 'ऐकलं'. तो आला नाही तर वरच्याने वाजवत राहायचं, उत्तर येईपर्यंत. हा नियम मावशीचा. काकांना वेंधळेपणाची सवय होती. मोटारीशेजारी डुलकी लागली की पाणी टाकीवरून वाहून खाणीत जायचं.

"तुम्ही उत्तर दिलंत की मला कळतं, माणूस जागं आहे," ती म्हणायची.

"आणि नाही दिलं तर?"

"तर तुमच्या कानाशी भुंगा लावीन. सुटका नाही."

काका तिला 'साहेब' म्हणायचे. साहेब वर, शिपाई खाली. त्यांची एक खासगी खूणही होती. भराभरा वाजवलेले बारीक ठोके, दार ठोठावल्यासारखे. म्हणजे चहा ओतलाय, वर या. ती थर्मास घेऊन वर जायची. मोटार बंद केली की काका टेकडी चढायचे, आणि दोघं टाकीच्या सावलीत बसून चहा प्यायचे. मूलबाळ नव्हतं. त्या दोघांचा संसार त्या पाइपाच्या दोन टोकांना मावलेला होता.

ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी सकाळी दोघांचं भांडण झालं होतं.

कारण मी.

माझा जन्म होऊन आठ दिवस झाले होते. मावशीला तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ बघायला यायचं होतं. काका म्हणाले, रविवारी जा, पाण्याचं कोण बघेल? ती म्हणाली, बाळ रविवारपर्यंत थांबेल, माझा जीव थांबणार नाही. शब्दाने शब्द वाढला. काका बोलू नये ते बोलून गेले.

"स्वतःला नाही, म्हणून दुसऱ्याच्या बाळामागे धावायचं."

 मावशीने थर्मास भरला नाही. पाना घेतला आणि वर गेली.

बोलल्याबरोबर काकांची जीभ जड झाली. पण कबूल करतील तर ते काका कसले! उलट त्यांनीच अबोला धरला. आज उत्तरच द्यायचं नाही, असं ठरवून ते मोटारीपाशी बसले.

दोन ठोके आले. काका गप्प.

ठोके पुन्हा आले. तेव्हा मात्र त्यांनी रागाने एक ठोका हाणला.

पावणेचारला तीन ठोके आले. काकांनी मोटार बंद केली. पाना हातात होता. पाइप हाताशी होता.

उत्तर दिलं नाही.

थोडा वेळ शांत गेला.

मग पुन्हा ठोके आले...

तीन नव्हते. चारही नव्हते. नुसतेच. टण... टण टण... टण... कसेही.

काकांना वाटलं, हिला उत्तर पाहिजे. हिचा तो नियम. लाव म्हणावं कानाशी भुंगा.

त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. तरी ठोके येतच होते. मग त्यांनी पाइपावर गोणपाट टाकलं. आवाज दबला, पण थांबला नाही. कधी दोन लागोपाठ, कधी मोठ्या खंडानंतर एखादाच. हळूहळू अंतर वाढत गेलं. सव्वाचारला शेवटचे दोन ठोके आले. इतके हलके, की बोटाने वाजवल्यासारखे.

नंतर काही आलं नाही.

"दमली एकदाची," काका स्वतःशी म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं. हो, बरं वाटलं. हे वाक्य सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पाच वाजले तरी मावशी खाली आली नाही. साडेपाचला काका वर गेले.

ती शिडीच्या पायाशी पडली होती. उतरताना पाय निसटला होता. मांडीचं हाड मोडून रक्त आतल्या आत गेलं होतं. उठता येत नव्हतं, पण पाइपापर्यंत हात पोचत होता. पाना अजून मुठीत होता. पाइपावर त्या उंचीला रंगाचे टवके उडाले होते, बरेच.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर..."

 

सगळ्यांनी काकांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं नाही? काका म्हणाले, "मोटार चालू होती. काही ऐकू आलं नाही."

कोणी खोलात गेलं नाही. माझी आई ओली बाळंतीण, मला कुशीत घेऊन रडत आली होती. तिलाही त्यांनी तेच सांगितलं. आईने उलट त्यांचीच समजूत काढली. "तुमचा काय दोष, भावोजी? तुम्हाला ऐकू आलं असतं तर तुम्ही अनवाणी धावला असता."

काकांच्या काळजाचं पाणी झालं. पण तोंडाला लागलेलं कुलूप निघालं नाही.

काही दिवस खात्याचा दुसरा माणूस वर बसायचा. दीड महिन्याने पाणीखात्याने टाकीत एक यंत्र बसवलं. टाकी भरली की मोटार आपोआप बंद. आता वर जायचं कारणच उरलं नाही.

यंत्र बसवल्याचा तो पहिला दिवस. मोटार आपोआप बंद पडली. खोलीत शांतता. काकांनी सवयीने घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार.

आणि पाइपातून...

टण.

काका ताडकन उठले.

टण टण... टण...

वर कोणीही नव्हतं. शाळेची पोरं असतील म्हणून काका धावत सुटले. टेकडीवर पाय ठेवला तोच आवाज थांबला. माथ्यावर चिटपाखरू नव्हतं. टाकी, शिडी आणि वारा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. पावणेचारला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला मुद्दाम चहाला बोलावलं. म्हणजे निदान आपल्या डोक्यात बिघाड आहे की पाइपात, ते तरी कळेल.

वायरमनलाही ऐकू आलं. कपातला चहा हिंदकळला त्याचा. पण गडी हुशार.

"काका, लोखंड आहे हे. उन्हात तापतं, पाणी थांबलं की आवळतं. तडतड होणारच."

"रोज पावणेचारला?"

"तुमची मोटार रोज तेव्हाच बंद होते ना?"

बरोबर होतं त्याचं. काकांनी मान डोलावली. पण वायरमन पाच मिनिटं थांबून निघून गेला होता. काका अर्धा तास थांबले होते. लोखंड आवळतं, मान्य. पण लोखंड दमत नाही. हे ठोके दमत जायचे. अंतर वाढत जायचं. आणि सव्वाचारला...

शेवटचे दोन. बोटाने वाजवल्यासारखे.

मग काकांना कळलं की आपण काय करायला हवं. इतकी सोपी गोष्ट. त्या दिवशी केली असती तर! चौथ्या दिवशी ते पाना घेऊन तयार बसले. पहिला ठोका आला, तसा त्यांनी पाइपावर जोरात एक ठोका मारला.

ऐकलं. साहेब, ऐकलं.

ठोके थांबले नाहीत.

त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा. हाताला झिणझिण्या येईपर्यंत मारला. पाइपाला तोंड लावून तिच्या नावाने हाका मारल्या. वरून येणारे ठोके तसेच येत राहिले, तसेच चुकत, तसेच दमत. खालचं काहीच वर पोचत नव्हतं. जणू वरची अजून त्याच दुपारी पडलेली होती, जिथे कोणी उत्तर दिलेलं नाही.

हे एक दिवस नाही चाललं. सव्वीस वर्षं.

ऊन असो, पाऊस असो, काका ताप अंगावर घेऊन यायचे. पावणेचार ते सव्वाचार ते पाना घेऊन बसायचे आणि प्रत्येक ठोक्याला उत्तर द्यायचे. एकही चुकवायचा नाही. गावाला वाटायचं, म्हातारा पाइपाचा गंज झाडतोय. कोणी चेष्टेने विचारायचं, "काय काका, संगीत का?" काका हसून घ्यायचे. त्या अर्ध्या तासात गिरणी चालू असायची, शाळा सुटायची, जग आपल्या वाटेने जायचं. आणि खोलीत बसलेला माणूस रोज एकदा आपल्या बायकोला मरताना ऐकायचा.

त्यांनी बदली मागितली नाही. बढती घेतली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी गेलो तर तिचं कोण ऐकेल?"

मग खात्याने नवा पाइप टाकायचा ठरवला. प्लास्टिकचा, जमिनीखालून. काकांनी खात्याच्या साहेबाचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

"जुना राहू द्या हो. नुसता राहू द्या. कोणाला काय त्रास आहे त्याचा?"

"काका, गंजून चाळण झालीय त्याची. आणि तुमचंही वय झालं. किती दिवस जीव जाळणार?"

साहेब चांगला माणूस होता. त्याला काय माहीत!

ज्या दिवशी पाइप तोडायला सुरुवात झाली, त्याच दिवशी आई काकांना कायमचं आमच्याकडे आणायला गेली होती. कामगारांनी सकाळीच पायथ्याशी दोन पुरुष लांबीचा तुकडा कापला आणि टेम्पोत टाकून नेला. बाकीचा पाइप उद्या काढणार होते. दुपारपर्यंत काकांचं सामान बांधून झालं. एक ट्रंक, एक वळकटी.

साडेतीन वाजले.

"चला भावोजी, गाडी चुकेल," आई म्हणाली.

"थोडं थांब."

पावणेचार झाले. काका खोलीकडे उरलेल्या पाइपाच्या कापलेल्या तोंडाला कान लावून उभे राहिले.

काहीच नाही...

एक मिनिट. दोन मिनिटं. पाच.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या पाइपातून एकही ठोका आला नाही. आईला वाटलं, जागा सुटते म्हणून म्हातारा हळवा झालाय. पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ती वाजवतेय," ते म्हणाले. "आता मला ऐकूही येत नाहीये."

"कोण वाजवतंय?"

काकांनी पाना उचलला आणि टेकडीकडे निघाले.

"अहो भावोजी, गुडघे! थांबा!" आईने घाईघाईने खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि त्यांच्या मागे धावली.

साठीला टेकलेला माणूस ती टेकडी कसा चढला देव जाणे. आई वर पोचली तेव्हा काका शिडीच्या पायाशी बसले होते. मावशी पडली होती त्या जागी. तिथे काही नव्हतं. कुठलाही आवाज नव्हता. त्यांनी उरलेल्या पाइपाला हाताने धरलं होतं, माणसाचा दंड धरावा तसं.

आई मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"मला ऐकू येत होतं गं," काका पाइपाला म्हणाले. "मोटार बंद होती. सगळं ऐकू येत होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. वर गोणपाट टाकलं."

आईच्या पायाखालची जमीन सरकली.

काकांनी पाना उचलला आणि पाइपावर ठोका मारला. थांबले. पुन्हा मारला. उत्तर कुठून येणार? खाली पाइप कापलेला, खोलीला कुलूप. पण काका मारत राहिले. एक, मग दोन, मग कसेही. आई म्हणते, मारता मारता त्यांचा हात जड होत गेला, अंतर वाढत गेलं. खालून उत्तर येत नाही तेव्हा वरच्याला कसं वाटतं, हे त्यांना त्या वेळी कळत असावं.

शेवटी त्यांच्या हातून पाना खाली पडला. ते टाकीच्या भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडू लागले. तसेच रडता रडता त्यांनी बोटाने पाइपावर वाजवलं. दोनदा. अगदी हलकं.

आणि खालून...

टण.

एक. स्वच्छ. ठाम.

आईने ऐकला. काकांनी ऐकला. पाइपावरच्या त्यांच्या तळव्याला तो जाणवला.

आईने टेकडीखाली पाहिलं. पायथ्याशी कापलेली जागा उन्हात उघडी पडली होती. पाइप तिथे नव्हताच. पंपाची खोली बंद होती आणि दाराला कुलूप दिसत होतं. आजूबाजूला कोणी नव्हतं.

 काका वळले तेव्हा त्यांना आई दिसली, आणि तिने सगळं ऐकलंय हे कळलं.

आईचे डोळे वाहत होते, पण आवाज कोरडा होता.

"ताईने उत्तर दिलं तुम्हाला," ती म्हणाली. "बोटाने वाजवलंत तरी लगेच दिलं. मी असते तर दिलं नसतं."

मग तिने हात पुढे केला, त्यांना उठवलं आणि धरून खाली आणलं. खोली उघडली. आत ट्रंक होती, वळकटी होती. मोटार गार पडली होती. दोघांनी सामान उचललं आणि पुढच्या गाडीने घरी आली.

याला तीन वर्षं झाली. आई काकांचं सगळं वेळच्या वेळी करते. जेवण, औषध, गरम पाणी. पण स्वतःहून त्यांच्याशी बोलत नाही. काका तक्रार करत नाहीत. जुना पाइप पूर्ण निघाला. तिथे आता काही ऐकू येत नाही असं लोक म्हणतात. मी एकदा जाऊन आलो. खरंच काही ऐकू आलं नाही. तरी पावणेचार वाजले तसा मी तिथून निघालो, आणि का कोण जाणे, पळतच खाली उतरलो.

परवा दुपारी काका खिडकीशी बसले होते. मी धीर करून विषय काढला.

"काका, मन हलकं करा आता. मावशीने माफ केलं तुम्हाला. नाहीतर उत्तर कशाला दिलं असतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या बाळासाठी ते भांडण झालं, ते बाळ आता त्यांची समजूत घालत होतं.

"एक ठोका म्हणजे 'ऐकलं'," ते म्हणाले. "तेवढंच म्हणाली ती. अर्धी झाली, भरली, चहा ओतलाय, सगळ्याला खूण होती आमच्यात. 'माफ केलं' याला नव्हती रे. आम्ही कधी ठरवलीच नाही."